१५३ अंशांचा एक सेकंद

गोव्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना ताम्रपट आणि शिलालेखांचं मोठं वेड. कुठल्या तरी देवळाच्या मागल्या भिंतीत, अर्धा चुन्याखाली गेलेला दगड सापडतो. त्यावर तीन-साडेतीन ओळी असतात, आणि मग त्या ओळींवर तीस पानांचा निबंध येतो. काही लोक याला हसतात. मला कधी हसू आलं नाही. ज्याला जुन्या नोंदवह्या चाळायची सवय आहे त्याला ठाऊक असतं की एखाद्या समासातल्या शेऱ्यात अख्ख्या पानापेक्षा जास्त सापडतं.

आज असाच एक तीन ओळींचा लेख तुमच्यापुढे ठेवतो. हा दगडावरचा नाही. डेल कंपनीच्या लॅपटॉपचं तापमान वाचणारा लिनक्समधला जो ड्रायव्हर आहे, त्याच्या मजकुरात शेऱ्यादाखल लिहून ठेवलेला आहे. (ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यामधला दुभाषी.) तिसरा रकाना गाळून तो असा:

१००३६५५१३७ … ५८
१००३६५५१३८ … ९९
१००३६५५१३९ … ५४

मधल्या ओळीपुढे बाण काढून लिहिलंय: १५३ अंश.

पहिला रकाना पाहून घाबरू नका. ही संगणकाची कालगणना. शालिवाहन शक जसा एका ठरावीक वर्षापासून मोजतात, तसे युनिक्सवाले १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि हिशेब केला. निघाला २१ ऑक्टोबर २००१, रविवार, ग्रिनिच वेळेप्रमाणे सकाळचे ९ वाजून ५ मिनिटं आणि ३७ सेकंद. आपल्याकडे तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते. म्हणजे शीत-हुमण खाऊन आडवं व्हायची वेळ. पण नाही, त्या आठवड्यात नवरात्र चालू होतं, दसरा पाचच दिवसांवर होता, तेव्हा हुमणाचं नाव नको. असो.

दुसरा रकाना तापमानाचा, पण तो आपल्या दशमान पद्धतीत नाही. संगणकवाले दहाऐवजी सोळाच्या गटात मोजतात. म्हणून ५८ म्हणजे पाच वेळा सोळा अधिक आठ, अर्थात ८८. तसंच ९९ म्हणजे १५३, आणि ५४ म्हणजे ८४. आता त्या ओळी पुन्हा वाचा. एका सेकंदाला लॅपटॉप ८८ अंशांवर आहे. पुढच्या सेकंदाला १५३. त्याच्या पुढच्या सेकंदाला ८४. चहाचं आधण ठेवून पाहिलेल्या कुणालाही कळेल की असं तापमान चढत नाही आणि असं उतरतही नाही. मधल्या सेकंदाला सेन्सर खोटं बोलला होता. त्या खोट्याचं काय करायचं, यावर नंतरची बरीच वर्षं गेली, आणि मला सांगायचा इतिहास तोच आहे.

मी कला शाखेचा माणूस, नोकरी कारकुनाची. या भानगडीत मी कसा पडलो, ते थोडक्यात सांगतो. आमच्या कचेरीत एक लॅपटॉप होता. मे महिन्यात, उकाड्याने भिंतींनासुद्धा घाम यायच्या दिवसांत, तो रोज दुपारी तीनच्या आसपास आपोआप बंद पडायचा. दुरुस्तीवाला आला, ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम’ असं लिहून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ‘व्हायरस’ म्हणाला आणि सगळं पुसून नव्याने भरून दिलं. त्या पुसण्यात कुळांच्या अर्जांची दोन वर्षांची यादी गेली. पुढे कित्येक महिने लोक जुन्या पावत्या घेऊन खिडकीशी उभे राहत, आणि आम्ही त्या पावत्यांवरून यादी पुन्हा हाताने लिहीत होतो. यंत्र शेवटी मोडीत काढलं. ते माझ्या भाच्याने लिलावात घेतलं, त्यावर लिनक्स टाकलं आणि संध्याकाळी मला हाक मारली, ‘मामा, हांगा पळय.’ पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसत होतं, ९७ अंश. त्याने मागचं झाकण उघडून पंख्याच्या तोंडातून धुळीची एक चटईच ओढून काढली. थोड्या वेळाने आकडा साठीत आला. व्होल्टेज नव्हतं आणि व्हायरस तर नव्हताच. यंत्राला ताप होता आणि तो कुणी मोजला नव्हता.

तेव्हापासून मला प्रश्न पडला की हा आकडा येतो कुठून, आणि तो खरा कशावरून?

आधी थोडी पार्श्वभूमी. लॅपटॉपच्या पोटात ठिकठिकाणी बारीक सेन्सर असतात. पण ऑपरेटिंग सिस्टिमने जाऊन ते थेट वाचायचे, इतकं सरळ ते कधीच नव्हतं. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तिघांनी मिळून ए.सी.पी.आय. नावाची नियमावली काढली. वीज, पंखा, तापमान यांबाबत यंत्राला कोणत्या भाषेत विचारायचं आणि यंत्राने कोणत्या भाषेत उत्तर द्यायचं, हे त्यात ठरवून दिलं. नियम झाले तरी प्रत्येक कंपनीने आपली एक आतली खोली राखून ठेवलीच. डेलच्या यंत्रांत ती खोली बायोसमध्ये होती. तिथून तापमान हवं असेल तर एका खास अवस्थेत जावं लागे. त्या अवस्थेत ऑपरेटिंग सिस्टिमचं सगळं काम जागच्या जागी थांबतं, बायोस आपलं काम उरकतो आणि मग पुन्हा सगळं सुरू होतं. साहेबाच्या केबिनमध्ये चिठ्ठी पाठवावी, दार लागावं, बाहेरच्या सगळ्या कारकुनांनी पेन हातात धरून थांबावं आणि थोड्या वेळाने शिपाई उत्तर घेऊन यावा, तसं. आत काय झालं ते विचारायची सोय नाही.

डेलच्या इन्स्पिरॉन ८००० या लॅपटॉपसाठी ही चिठ्ठी पाठवायची रीत लिनक्सवाल्यांना मिळवून दिली ती मास्सिमो दाल झोत्तो यांनी, २००१ साली. ड्रायव्हरचं नावही त्या यंत्रावरूनच पडलं, ‘आय-८-के’. वरच्या तीन ओळी त्यातल्याच.

पण डेलकडे वळायच्या आधी एका दुर्दैवी प्रकरणाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण विचारणं हे सुद्धा निरुपद्रवी नसतं हे त्यातून कळलं. १९९८ च्या सुमारास फ्रोडो लोईयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक यांनी लिनक्ससाठी ‘एल.एम. सेन्सर्स’ हा प्रकल्प हाती घेतला. नाव नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या एल.एम. ७५, एल.एम. ७८ अशा चिपांवरून आलेलं. मदरबोर्डावर दोन तारांचा एक छोटा मार्ग असतो. त्यावर हे प्रोग्रॅम दारोदार फिरत, ‘इथे कोण राहतं?’ असं विचारत आणि ज्या दारातून उत्तर येई तिथे सेन्सर आहे का ते पाहत. शिरगणतीसारखीच पद्धत. आय.बी.एम.च्या काही थिंकपॅड लॅपटॉपांत याच मार्गावर ॲटमेल कंपनीची एक लहानशी स्मृती-चिप बसवलेली होती. यंत्र सुरू होण्यासाठी लागणारी माहिती तिच्यात असे. या चिपमध्ये एक दोष होता. ठरावीक प्रकारे दार वाजवलं की ती गोंधळायची आणि आतली नोंद बिघडायची. माणसाने हौसेने तापमान पाहण्यासाठी प्रोग्रॅम चालवला, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरूच होईना. बऱ्याच लोकांना मदरबोर्ड बदलावे लागले.

मग उपाय काय केला? लिनक्सच्या त्या भागात अशी तजवीज केली की यंत्र आय.बी.एम.चं दिसलं तर काम करायलाच नकार द्यायचा, आणि नकाराचं कारण पडद्यावर स्पष्ट लिहायचं: तुमच्या चिपमधली नोंद बिघडू शकते. पुढे दार वाजवायची सुरक्षित रीत सापडली. मला त्या नकाराचं कौतुक वाटतं. आमच्या क्षेत्रात ‘माहिती देता येत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘का’ ते लिहून देणारे फार थोडे.

आता पुन्हा डेलकडे. त्या १५३ अंशांचं काय केलं?

पहिला उपाय असा होता: असा अशक्य आकडा आला तर तो गिळून टाकायचा आणि आधीच्या वेळी आलेला आकडाच पुन्हा एकदा सांगायचा. ८८, ८८, ८४. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळणार नाही. रकाना भरलेला, आलेख गुळगुळीत. हा उपाय करणाऱ्याच्या मनात खोट होती असं मी म्हणणार नाही. त्याने शेरा लिहून, पुरावा जोडून केलेलं काम आहे ते, आणि अशी उसनवारी एकदाच करायची अशी अटही घालून घेतलेली होती. पण कारकुनाला हा प्रकार फार ओळखीचा. पावसाचं माप घेणारा माणूस एक दिवस आला नाही तर नोंदवहीत कालच्या आकड्याखाली दोन टिंबं पडतात, ‘वरीलप्रमाणे’. वही पूर्ण दिसते. वर्षांनी कुणी ती घेऊन अभ्यासाला बसला तर त्याला कळणार नाही की त्या दिवशी पाऊस तेवढाच पडला होता, की मोजणाराच घरी होता.

हा ड्रायव्हर नंतर बरीच वर्षं चालला. यंत्रं बदलली, नवी मॉडेलं आली आणि तक्रारीही आल्या. २०१४-१५ च्या सुमारास पाली रोहार आणि गुंटर रोएक यांनी तो साफसूफ करायला घेतला. एव्हाना दुसरा एक खोटा आकडा उजेडात आला होता: १९३. ज्या लॅपटॉपांत ग्राफिक्ससाठी वेगळी चिप असते, त्यांत ती गरज नसेल तेव्हा झोपवून ठेवतात. झोपलेल्या चिपचं तापमान विचारलं की बायोस १९३ सांगे. हा आकडा एका सेकंदापुरता नव्हता. ती चिप झोपलेली असेतोवर कितीही वेळा विचारा, तेच उत्तर. इथे ‘आधीचाच आकडा सांगा’ हा उपाय लंगडा पडतो, कारण आधीचा आकडा चिप जागी असतानाचा. ती थंड होऊन तास झाला तरी तुम्ही तिचा जुना तापच सांगत राहणार.

तेव्हा नियम बदलला. १५३ आला तर क्षणभर थांबायचं, सेकंदाचा दहावा हिस्सा, आणि एकदा पुन्हा विचारायचं. दुसऱ्यांदाही उत्तर अशक्य कोटीतलं आलं तर आकडा द्यायचाच नाही. त्याऐवजी लिनक्समध्ये ठरलेला एक निरोप द्यायचा, त्याचा अर्थ इतकाच: माहिती उपलब्ध नाही.

वाचकहो, हा बदल फार थोड्या ओळींचा आहे, पण माझ्या मते या सगळ्या हकिगतीतली मोठी गोष्ट तीच. आमच्याकडे मासिक अहवालात ‘निल’ लिहितात, महाराष्ट्रातले मित्र त्याला ‘निरंक’ म्हणतात. निल म्हणजे मोजलं आणि शून्य निघालं. न आलेला अहवाल म्हणजे मोजलंच नाही. या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या की वरच्या कचेरीत बेरीज करणारा दोन्हींना शून्यच धरतो. पंख्याचा वेग ठरवणारा प्रोग्रॅम हा तसाच बेरीज करणारा. त्याला आकडा मिळाला की तो विश्वास ठेवतो. खोटा १९३ मिळाला तर उगाच पंखा गरगरा फिरवील किंवा धोक्याची पातळी ओलांडली म्हणून यंत्रच बंद करील. ‘वरीलप्रमाणे’ मिळालं तर खरोखर तापलेलं यंत्रसुद्धा थंड समजेल. ‘माहिती नाही’ असं मिळालं तरच त्याला स्वतःचं डोकं वापरायची संधी मिळते.

थिंकपॅडच्या ड्रायव्हरनेही हाच रस्ता चालला. बोरिस्लाव्ह देयानोव्ह यांनी तो लिहिला आणि नंतर एन्रिकी द मोराइस होलशुह यांनी सांभाळला. या यंत्रांत आधी आठ आणि काही मॉडेलांत सोळापर्यंत सेन्सरांच्या जागा. सगळ्या जागी सेन्सर असतोच असं नाही. जिथे नसेल तिथे जुन्या पद्धतीत उत्तर यायचं उणे १२८. माणसाला कळतं की हा संकेत आहे, लॅपटॉप काही सैबेरियापेक्षा थंड पडलेला नाही. पण सरासरी काढणाऱ्या प्रोग्रॅमला ते कोण सांगणार? पुढे नव्या पद्धतीत उणे १२८ काढून ‘असं साधन इथे नाही’ असा त्रुटीचा निरोप ठेवला.

आता मला सगळ्यात रंजक वाटलेली गोष्ट. इंटेलच्या कोअर जातीच्या प्रोसेसरांत सेन्सर चिपच्या आतच बसवलेला असतो, आणि तो तापमान सांगतच नाही! तो सांगतो, ‘मी माझ्या कमाल मर्यादेपासून इतके अंश खाली आहे.’ म्हणजे मोजणी उलटी. आकडा ४० असेल तर मर्यादेला अजून ४० अंश बाकी. आकडा शून्याकडे सरकतो तसं यंत्र तापत जातं. सेन्सरने शून्य म्हटलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप मंद होतो.

इतिहासाची गंमत पाहा. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या आंद्रेस सेल्सियसने १७४२ साली आपलं मोजमाप मांडलं तेव्हा तेही उलटंच होतं. पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे १००. १७४४ मध्ये तो वारला आणि लवकरच लोकांनी मोजपट्टी सुलटी करून टाकली. आज ज्याच्या नावाने आपण हवेचं तापमान सांगतो, त्याच्या मूळ हिशेबाने मे महिन्यातली पणजी ६५-६६ अंशांची ठरली असती. (ताप मात्र आपण अजून फॅरनहाइटमध्येच मोजतो. घरात कुणाला १०१ म्हटलं की सगळ्यांना कळतं, ३८.३ म्हटलं तर थर्मामीटर झटकून पुन्हा लावतील.)

सेल्सियसची पट्टी उलटी करणं सोपं होतं, कारण दोन्ही टोकं माहीत होती. शंभरातून वजा केलं की झालं. इंटेलच्या बाबतीत वजाबाकी करायची ती कशातून? कमाल मर्यादा किती, हेच बऱ्याच प्रोसेसरांबाबत कंपनीने उघड केलेलं नव्हतं. लिनक्सचा ‘कोअरटेम्प’ ड्रायव्हर रुडॉल्फ मारेक यांनी लिहिला, तो २००७ साली कर्नलमध्ये आला. त्यात मर्यादा १०० धरली होती, आणि लॅपटॉपच्या प्रोसेसरात एक विशिष्ट खूण दिसली तर ८५. आता हिशेब करा. सेन्सर म्हणतो ४०. मर्यादा १०० धरली तर तापमान ६०, ८५ धरली तर ४५. एकच चिप, एकच क्षण, सेन्सरचं उत्तरही एकच, आणि फरक १५ अंशांचा. त्या काळात वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच यंत्रावर वेगवेगळं तापमान दाखवत ते यामुळेच. सेन्सरला दोष देऊन उपयोग नव्हता, त्याने बिचाऱ्याने आपल्याला दिसलं ते सांगितलं. ज्यातून वजा करायचं तो आकडा अंदाजाचा होता.

ऑगस्ट २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झालेल्या आपल्या परिषदेत इंटेलने डेस्कटॉपच्या प्रोसेसरांसाठी हे आकडे जाहीर केले. त्यानेही सगळ्यांचं समाधान झालं नाही, कारण जाहीर झालेला आकडा लक्ष्य म्हणून ठरवलेला. प्रत्येक नगात तो तंतोतंत असेलच याची हमी नाही. शिवाय हा सेन्सर मर्यादेच्या जवळ चांगला चालतो, तिथून खूप खाली गेल्यावर त्याच्या बोलण्याला तेवढा अर्थ राहत नाही. तो बसवला आहे तो चिपला जळण्यापासून वाचवायला, तुमच्या-माझ्या कुतूहलासाठी नव्हे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कोअर आय-७ आला तेव्हा इंटेलने शहाणपण केलं: मर्यादेचा आकडा चिपच्या आतच एका ठरलेल्या जागी लिहून ठेवला. ड्रायव्हरने तो वाचायचा आणि वजाबाकी करायची. अंदाजाचं काम संपलं. जुन्या प्रोसेसरांसाठीची अंदाजांची जंत्री मात्र ड्रायव्हरमध्ये राहिली, कारण जुनी यंत्रं लोक वापरतात.

एएमडीने याबाबत निराळाच मार्ग धरला. त्यांच्या काही प्रोसेसरांचा आकडा ही भौतिक तापमानाची नोंदच नाही, तो पंखा चालवण्यासाठीचा एक कल्पित अंश आहे, असं लिनक्सच्या ड्रायव्हरसोबतच्या टिपणात स्पष्ट लिहून ठेवलेलं आहे. २०१७ साली आलेल्या रायझन १८००-एक्समध्ये हा आकडा खऱ्यापेक्षा २० अंशांनी मुद्दाम चढवलेला होता. लोकांनी यंत्र तापतंय म्हणून ओरड केली, मग कंपनीने खुलासा केला.

आता दशांशाची एक किरकोळ भानगड, पण मला तिच्यावरून हसू आलं म्हणून सांगतो. ए.सी.पी.आय.च्या नियमाप्रमाणे यंत्राने तापमान केल्व्हिनच्या दहाव्या भागात, पूर्णांकात सांगायचं असतं. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले त्यांनी, ही निरपेक्ष पट्टी १८४८ मध्ये सुचवली. केल्व्हिनमधून सेल्सियस काढायचं तर २७३.१५ वजा करायचे. पण दशांशानंतर एकच घर असेल तर तो शेवटचा ५ ठेवायचा कुठे? काही बायोस लिहिणाऱ्यांनी २७३.१ धरले, काहींनी २७३.२. मग नीट ६० अंश असलेला लॅपटॉप ५९.९ किंवा ६०.१ दिसणार. लिनक्सवाल्यांनी त्यावर तोड काढली: यंत्राची धोक्याची पातळी किती लिहिली आहे ते पाहायचं. ती बहुधा माणसाने ठरवलेली, म्हणजे ९५ किंवा १०० अशी सरळ असणार. कोणता आकडा वजा केल्यावर ती सरळ येते, त्यावरून बायोस लिहिणाऱ्याने काय धरलं होतं ते ओळखायचं. शेऱ्यात हेतूही प्रामाणिकपणे नोंदवला आहे: आकडा जास्तीत जास्त अचूक यावा, आणि डोळ्यांना बरा दिसावा. जमाखर्च जुळवताना पैशांचा फरक कुठून आला हे शोधणाऱ्या कुणालाही ही युक्ती आवडेल.

ओपनबीएसडीवाल्यांनी केल्व्हिनच्या दहा लाखाव्या भागात नोंद ठेवायचं ठरवून हा प्रश्न मुळातच मिटवला. त्यांची सेन्सर-व्यवस्था २००७ च्या ऑक्टोबरात फ्रीबीएसडीमध्ये आणली गेली आणि रचनेवर आक्षेप आल्याने काही दिवसांतच परत काढली गेली. शेजारच्या गावची पालखी वेशीपर्यंत येऊन परतावी तसं झालं. त्या वादात मला शिरायचं नाही.

आकडा खरा ठरला तरी तो कुणाचा हा प्रश्न उरतोच. ‘सेन्सर ११: ५२ अंश’ म्हणजे काय समजायचं? थिंकपॅडच्या ड्रायव्हरसोबत जे टिपण आहे त्यात टी-४३ मॉडेलची यादी दिली आहे. ही माहिती वापरणाऱ्यांनी आपल्या यंत्रांवरून जमवली, आणि ती ज्यांच्याकडून आली त्यांचा उल्लेखही तिथे केला आहे. अकरावा सेन्सर वीज नियंत्रित करणाऱ्या भागाचा, मदरबोर्डाच्या खालच्या अंगाला, एफ-२ या कळीच्या बरोबर खाली. दहावा टचपॅडखाली. जुन्या जमीन-कागदांत चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस अमक्याचं भाट, तशी ही चतुःसीमा आहे. डेलच्या ड्रायव्हरमध्येही वर सांगितलेल्या साफसुफीच्याच सुमारास नावं आली. सेन्सर प्रोसेसरचा, ग्राफिक्सचा, मेमरीचा की भोवतालच्या हवेचा, हे बायोसला विचारता येतं असं आढळलं आणि आकड्यापुढे नाव दिसू लागलं.

२०१५ साली आय-८-के ड्रायव्हर लिनक्सच्या जुन्या कप्प्यातून सेन्सरांच्या कप्प्यात हलवला आणि त्याचं नाव बदललं. इन्स्पिरॉन ८००० वापरणारा आता क्वचितच कुणी असेल. पण नव्या फाइलमध्ये त्या तीन ओळी तशाच उतरवून घेतल्या आहेत, सेकंदांसकट आणि बाणासकट. वरचं वाक्य तेवढं बदललं आहे. पूर्वी तिथे लिहिलं होतं की अशा वेळी आधीचा आकडा एकदा परत द्यावा. आता लिहिलं आहे की एकदा पुन्हा विचारावं, आणि मग त्रुटी कळवावी.